उकडलेली धायटी

जव्हारात आमच्या घराला वैद्यांचे घर म्हणत. घरात वैद्य एकच होते, माझे थोरले दीर. माझे यजमान संस्थानच्या कचेरीत कारकून. त्यांची नेमणूक मोखाड्याला असल्यामुळे ते क्वचितच घरी असत. मी मुलींच्या शाळेत शिकवीत असे. दिरांनी या गोष्टीला कधी संमती दिली नव्हती आणि मनाईही केली नव्हती. ते मला नुसते ‘मास्तरीणबाई’ म्हणत, तेही मला उद्देशून नव्हे. त्या काळच्या रीतीप्रमाणे थोरल्या दिरांशी थेट बोलायचे नसे. मध्ये माझी जाऊ, म्हणजे त्यांची पत्नी, उभी असे. तिला मी अक्का म्हणे. आम्ही दोघेही तिच्याकडे पाहून बोलत असू आणि तिने ते शब्द पोचवावेत अशी कुणाचीच अपेक्षा नसे. ऐकू तर येतच असे.

अरिष्ट, म्हणजे काढा आंबवून केलेले औषध, कसे तयार होते ते आधी सांगते, कारण पुढचा सगळा मूर्खपणा त्या कृतीतल्या एकाच पायरीवर घडला. मुळ्यांचा आणि सालींचा काढा उकळून आटवावा. तो पूर्ण निवाला की त्यात गूळ व मध घालावा. मग धायटीची वाळलेली फुले, कोरडी आणि जशीच्या तशी, वरून सोडावीत. आतून तूप चोळलेल्या बरणीत हे सारे भरून तोंडाला कापड आणि माती लावून बरणी भाताच्या राशीत उबेला ठेवावी. काही दिवसांत आतून गुणगुण ऐकू येऊ लागते. या काळात तोंड किंचित उघडून पेटती वात जवळ नेली तर ती विझते. आतले काम चालू असल्याची ती खूण होय. गुणगुण थांबली आणि वात विझेनाशी झाली, की अरिष्ट उतरले असे समजावे.

हे काम करते कोण? गूळ करीत नाही, काढा तर नाहीच. धायटीचे झुडूप पोशेऱ्याकडच्या उतारांवर, ओढ्याकाठच्या खडकांत माजलेले असते. माघ सरता सरता त्याच्या फांद्या लाल फुलांनी भरून जातात. फूल बारीक नळीसारखे असते आणि नळीच्या तळाशी मधाचा थेंब असतो. पाड्यांवरची मुले फूल तोडून तो थेंब चोखतात. त्याच थेंबात डोळ्यांना न दिसणारे सजीव राहतात, ज्यांना शास्त्राच्या पुस्तकांत किण्व म्हणतात. फूल वाळले तरी ते त्याला चिकटून निजून राहतात आणि गोड काढ्यात पडले की जागे होऊन कामाला लागतात. ही माहिती मी पुष्कळ पुढे वाचली. पण दुधाला विरजण लागते हे जिला ठाऊक आहे, तिला पुस्तकावाचूनही एवढे कळावे, की बरणीत कुणीतरी विरजण घातल्याखेरीज बरणी आपण होऊन बोलू लागत नाही. माझे सासरे हयात होते तोवर फुले कोरडीच पडत आणि बरण्या बोलत असत.

सासरे गेले आणि औषधाच्या खोलीची किल्ली दिरांच्या जानव्याला आली. किल्लीबरोबर विद्याही आली असा त्यांचा समज झाला. त्यांना एकच गोष्ट खरोखर येत होती, ती म्हणजे सोवळे. ते देवळाच्या ओट्यावर बसून डोंगरातल्या लोकांच्या मोहाच्या दारूवर तासन्‌तास बोलत. मोहाचे फूल, पाणी आणि ऊब यांच्यापासून मद्य होते, असे ते तुच्छतेने सांगत. धायटीचे फूल, काढा आणि ऊब यांच्यापासून काय होते, हे त्यांना कुणी विचारीत नसे. विचारायचे तरी कुणी? ओट्यावरचे निम्मे श्रोते जेवणानंतर त्यांचेच अरिष्ट घेत आणि गुंगी आली की तिला पचनाचे लक्षण म्हणत.

ज्या वर्षाची ही हकीकत, त्या वर्षी फाल्गुनात अक्काची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुळात ती काटकुळी. त्यात सासरी उपासतापास फार. तिचे डोळे खोल गेलेले पाहून अक्काने सासऱ्यांच्या वेळची बरणी उघडली, तर तळाला गाळ तेवढा उरला होता. आषाढात पोर मोकळी होणार आणि घाट बंद झाल्यावर बाहेरून काहीही येणार नाही. अरिष्ट घालायचे तर आत्ताच घालायला हवे होते.

पोशेऱ्याकडची एक बाई दरसाल धायटी आणून देई. ती आली, पडवीखाली उभी राहिली आणि तिने गाठोडे सोडले. दीर ओणवे होऊन फुले चिवडू लागले आणि एकाएकी विंचू दिसावा तसे मागे सरले.

“हे काय आहे? मोहाचं फूल! माझ्या औषधात दारूचं फूल?”

“एकच हाय, वैदबाबा,” बाई म्हणाली. “उडून पडलं असंल. काढून टाका की.”

“वाळवलीस कुठं ही फुलं?”

“आंगणात.”

“आणि मोह?”

“तो बी आंगणात. आमाला दुसरं आंगण कुठलं? एकाच आंगणात लगीन बी होतं न्‌ मयत बी होतं.”

दिरांनी कपाळाला हात लावला. अक्का दारातून म्हणाली, “अहो, कोरडी आहेत ती. कोरड्याला कसला विटाळ? मामंजी कधी धूत नसत.”

“वडिलांच्या काळी माणसं चांगली होती.”

“माणसं तीच आहेत. तेव्हा हिची सासू आणायची. आणि नागली कुठून येते आपल्याकडे? तीही त्याच अंगणातून.”

“नागली आपण दळतो. भाजतो.”

“आणि भात?”

“भात शिजतो ना!” इथे दीर थांबले. त्यांच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला, तो मी शाळेत अनेकदा पाहिला आहे. उत्तर चुकीचे असूनही पाटी उंच धरणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावर तो असतो. “शिजतो! अग्नीनं सारं शुद्ध होतं. फुलं धुऊन उकडून घ्यायची. एवढी साधी गोष्ट इतकी वर्षं कुणाला सुचली नाही.”

बाईने गाठोडे मोकळे करून फडके झटकले. “उकडून काय भाजी करता, वैदबाबा?” असे विचारून ती हसत उतरणीला लागली.

मी अक्काकडे पाहून म्हटले, “अक्का, विरजण उकळून दुधात घातलं तर दही लागेल का?”

दीरही अक्काकडे पाहूनच म्हणाले, “मास्तरीणबाईंना सांग, दही वेगळं आणि अरिष्ट वेगळं. ते मुलींच्या क्रमिक पुस्तकात नसतं.”

“अक्का, मग गुळाचं कसं करायचं? बाजारातल्या मुसलमान व्यापाऱ्याच्या पोत्यातून येतो, वर माश्या बसलेल्या असतात, आणि तो तर ओला.”

“तिला सांग, गूळ काढ्यात विरघळतो. विरघळल्यावर त्याचं रूप राहत नाही, मग विटाळ कुणाला राहील? फुलाचं रूप राहतं.”

आता मध तेवढा उरला. तोही त्याच डोंगरातून, त्याच हातांतून येणारा. धुता येत नाही आणि तापवायची शास्त्राची आज्ञा नाही; म्हणून त्यांनी मध वगळलाच आणि गूळ वाढवला. दिरांच्या या शास्त्राचा मी तेव्हाच एक नियम बांधून ठेवला होता: जे धुता येते तेवढेच अपवित्र.

दुसऱ्या दिवशी परसात चूल मांडून फुले उकडण्यात आली. लाल फुले फिकट झाली आणि गढूळ पाणी नाल्यात गेले. अरिष्ट उतरवणारे जेवढे म्हणून त्या फुलांत होते, ते सगळे मंत्रोच्चारात मारले गेले. एवढ्यावरही समाधान होईना. सासऱ्यांची बरणी पिढीजात, आतून तुपाने आणि जुन्या अरिष्टांनी माखून काळसर झालेली. तिच्यात आजवर न उकडलेली फुले पडली होती. अर्थात तीही शुद्ध व्हायला हवी. तिला राखेने, चिंचेने आणि कढत पाण्याने घासघासून इतके लख्ख केले, की त्या बरणीत पिढ्यान्‌पिढ्यांचे जे काही मुरलेले असेल, त्याचा मागमूसही उरला नाही.

फुले चुलीवर चढण्यापूर्वी अक्का ती निवडायला बसली होती. उठताना तिचा पदर जरा जड दिसला. दुपारी दीर देवळाकडे गेले तेव्हा काढ्याच्या पातेल्याच्या तळाला उरलेला भाग तिने लोणच्याच्या एका तूप लावलेल्या बरणीत ओतला, गूळ कालवला, मधही घातला आणि पदरातली कोरडी फुले वर सोडली.

“अक्का, भाऊजींना कळलं तर?”

“मुलगी माझी आहे,” ती म्हणाली. “सोवळं त्यांचं असू दे.”

ती बरणी आम्ही दोघींनी भाताच्या कणगीत पुरली.

यथाकाल दिरांनी वातीची परीक्षा जाहीरपणे घेतली. देवळातले पुराणिक आणि शेजारचे दोघेतिघे मुद्दाम बोलावले होते. किल्लीने कुलूप उघडून, बरणीचे तोंड किंचित मोकळे करून, दिरांनी पेटती वात पुढे केली. वात स्थिर जळत राहिली. सासऱ्यांच्या हाताखाली ज्यांनी वर्षानुवर्षे हे काम पाहिले होते, त्यांना तिचा अर्थ समजायला हवा होता: वात विझली नाही, कारण आत काही चाललेलेच नव्हते.

“पाहिलंत?” दीर म्हणाले. “ढळत नाही! वडिलांच्या वेळी वात विझायची. फुलांच्या विटाळानं गुदमरायची बिचारी.”

“काय सांगता!” पुराणिक म्हणाले. “म्हणजे पहिल्याच दिवसापासून सिद्ध!”

शेजाऱ्यांनी माना हलवल्या. त्यांतल्या एकाने तर बरणीला नमस्कार केला. मी शाळेत निघाले होते. जाता जाता मला एवढेच वाटले, की रिकाम्या पाटीवर चूक सापडत नाही म्हणून तिला पैकीच्या पैकी गुण देणारे परीक्षक असेच असावेत.

त्याच आठवड्यात एका दुपारी अक्काने मला कणगीशी नेले. बरणीला कान लावला तर आतून गुणगुण येत होती, दूर कुठेतरी कुणी पुटपुटत जप करावा तशी. अक्काने कापड सैल करून वात धरली. वात जणू कुणी फुंकर घातल्यासारखी गेली.

“विझली गं बाई!” अक्का तोंडाला पदर लावून हसू लागली. जळत्या दिव्याने घरात आनंदोत्सव झाला होता. विझलेल्या दिव्याचा आनंद आम्हा दोघींपुरता होता.

आषाढात मुलगी बाळंत झाली. मुलगा झाला आणि चांगला रडला, पण ती पडूनच राहिली. थोडा ताप येई, जाई. अन्नावर वासना नव्हती, दूध पुरेसे उतरत नव्हते. मूल रडून रडून थकून झोपे. पावसाने घाट बंद झाला होता. अक्का तिच्या उशाशी बसून पेजेचा एकेक घोट भरवी आणि तो घोट पोटात राहतो की नाही ते पाही. सुईण म्हणाली, “आता वैद्यांचंच औषध काढा. हिला अन्न रुचलं तर वाचेल.”

दिरांनी मुहूर्त पाहिला. घरातली मुलगी हातची जाते की राहते अशी वेळ, आणि हे पंचांग घेऊन बसले! अखेर सकाळी बरणी बाहेर आली, तिला गंध लावले, माती फोडली. दर्पाने पुढे उभे असलेले सगळे एक पाऊल मागे आले. आत साईसारखा पांढरा थर होता आणि त्यावर हिरवट बुरा. खालचा काढा आंबट, तारा सुटणारा. पुराणिकही आले होते. त्यांनी उपरणे नाकाला लावले आणि आपल्याला पूजेची घाई असल्याचे त्यांना आठवले.

दीर अक्काकडे वळले. “या बरणीवर कुणाची तरी सावली पडली आहे. मास्तरीणबाईंना सांग, शाळेत कुठल्या कुठल्या मुलींना शिवून यायचं आणि औषधाच्या खोलीवरून जायचं, हे या घरात चालणार नाही.”

मी म्हटले, “अक्का, खोलीला कुलूप होतं आणि किल्ली भाऊजींच्या जानव्याला. माझी सावली कोणत्या फटीतून आत गेली, एवढं विचारा.”

“सावलीला किल्ली लागत नाही,” दीर गरजले. आपण अक्काला सांगण्याचे विसरलो, हे त्यांच्या ध्यानातही आले नाही.

अक्काने आमच्यापैकी कुणाकडेच लक्ष दिले नाही. ती कणगीकडे गेली, बरणी काढली, गाळून वाटीत घेतले आणि लेकीच्या ओठांना लावले. मुलीने घोट घेतला आणि डोळे उघडले.

“आई, हे आजोबांच्या वेळचं आहे?”

“त्यांच्या हातचं म्हण. आणखी घे.”

मी शिस्तीने विचार करणारी बाई आहे. त्या अरिष्टानेच मुलगी उठली असे मी शपथेवर सांगणार नाही. ताप आपोआपही उतरत असेल. आळिवाची खीर होती, ऊब होती, रात्रंदिवस बसलेली आई होती. एवढे मात्र डोळ्यांनी पाहिले, की दुसऱ्या दिवशी तिने पेज मागून घेतली, पुढे भात मागितला आणि पंधरवड्याच्या आत मूल पोटभर पिऊन निजू लागले.

दिरांच्या नजरेला ती वाटी पडलीच. त्यांनी हुंगली, बोटाने चाटली. जीभ मात्र त्यांना वडिलांचीच मिळाली होती; चव ओळखायला वेळ लागला नाही.

“हे कुठलं?”

“तुमच्याच काढ्याचं,” अक्का म्हणाली. “तुम्हीच आटवलेल्या पातेल्यातलं. बरणी तेवढी निराळी.”

यातला शब्दन्‌शब्द खरा होता. दिरांच्या चेहऱ्यावर पुन्हा तोच प्रकाश पडला. “म्हणजे माझ्या कृतीत खोट नव्हतीच! मोठ्या बरणीला दृष्ट लागली, नाही तर काय? शुद्ध फुलांचा गुण बघा, पोर उठून बसली!” पायात वहाणा सरकवून, छत्री घेऊन ते त्या पावसात देवळाकडे निघालेसुद्धा.

ते दिसेनासे झाले तेव्हा मी अक्काला म्हटले, “हे सांगायला हवं. आज नाही तर उद्या, पण सांगायलाच हवं. नाहीतर उकडलेल्या फुलांनी आपली मुलगी बरी झाली असं सगळं गाव म्हणेल.”

“म्हणू दे.”

“आणि ते खोटं आहे त्याचं काय?”

“तुला कळलंय, मला कळलंय. सांगितलं तर ते चिडतील, फुलांना हात लावू देणार नाहीत, आणि मग पुढल्या बरणीत फुलं कोण टाकेल? तुझं खरं टाकेल का?”

मी वाद घातला. शाळेत मी मुलींना शिकवीत असे की चूक दाखवली नाही तर ती पुन्हा होते. अक्का भाजी चिरीत राहिली. चूक पुन्हा झालीच. दरसाल फाल्गुनात परसात चूल मांडली जाई, फुले उकडली जात, आणि बरणी कुलपाआड जाण्यापूर्वी, दीर देवळाकडे वळले की अक्का कोरडी मूठ तिच्यात टाकी. त्या अरिष्टाची शुद्धता पंचक्रोशीत गाजली. उकडलेल्या फुलांची कृती विचारायला लोक येत आणि दीर ती मोठ्या उदारपणे सांगत. ती कृती घरी जाऊन करणाऱ्यांची बरणी बिघडली म्हणजे दीर म्हणत, तुमच्या घरात सोवळे नीट पाळत नसतील.

पुढच्या वर्षी फुले घेताना पोशेऱ्याच्या बाईला अक्काने मागच्या दाराला थांबवले. “मला थोडी वेगळी दे.”

“उकडायची का नुसती घालायची?”

“नुसती.”

“मग ही चांगली घे,” गाठोड्याच्या आतल्या कोपऱ्यात हात घालीत ती म्हणाली. “उकडायची असती तर पाला बी चालला असता.”

त्यातलीच फुले अक्काने जपून ठेवली होती. मुलीच्या सासरी कुळधर्माच्या, सुतकाच्या अशा एकेक अडचणी निघत गेल्या आणि तिचा मुक्काम लांबला. अखेर ती निघाली तेव्हा मूल भिंतीला धरून उभे राहत होते. अंगणात बैलगाडी उभी होती. दिरांनी लेकीच्या हाती अरिष्टाची बाटली दिली आणि गाडीवानाला ऐकू जाईल अशा आवाजात उपदेश केला.

“सासरी सांग, फुलं उकडूनच घालायची. दोन पाण्यांतून काढायची. कुणी काही म्हणो, या बाबतीत कुचराई नाही.”

“हो, बाबा,” ती म्हणाली आणि वाकून नमस्कार केला. बापाची शिकवण तिने किती मनावर घेतली होती ते मला माजघरात कळले. तिची ट्रंक तिथे अजून उघडीच होती आणि अक्का जुन्या लुगड्याच्या तुकड्यात धायटीची पुरचुंडी बांधीत होती. मुलगी आत आली, तिने ती पुरचुंडी हाताने चाचपून पाहिली आणि आपल्या लुगड्यांच्या तळाशी ठेवायला पुन्हा सोडून सारखी केली.

लाल फुलांत एक मोहाचे फूल दिसले, सुकून तांबूस झालेले. ते काढायला मी हात पुढे केला.

“राहू दे,” अक्का म्हणाली. “कोरडं आहे.”